होल्याचं राहू द्या, नीलपंख बघा

ताई, तुमच्या ग्रिलवरचा होला (कबुतराचा छोटा भाऊबंद) मादीपुढे मान लववून लववून घुमतो हे वाचून मजा आली. आमच्याकडे, जळगाव जिल्ह्यात यावलजवळ, स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीलपंखाचा तमाशा दिसतो. (लोक नीलकंठ म्हणतात, पण कंठ निळा नसतोच, तपकिरी-जांभळट असतो.) एरवी केळीच्या बागेपलीकडच्या तारेवर तासन् तास मख्ख बसणारा पक्षी. एप्रिल लागला की अंगात येतं त्याच्या! सरळ वर चढतो, मग कर्कश ओरडत, डावी-उजवी कूस बदलत गिरक्या घेत खाली येतो. पंखांतल्या निळ्याच्या गडद-फिकट दोन्ही छटा तेव्हाच नीट दिसतात. नंतर तारेवर जोडीदाराशेजारी बसून वाकतो, पंख सैल सोडतो, शेपूट पसरतो. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे कोण कोणाची मनधरणी करतंय ते बसल्या जागी कळत नाही, गिरक्यांवरून अंदाज बांधायचा.

हे बहुतेक सकाळी. अकरानंतर इथल्या उन्हात पाखरंही गप्प. मागच्या वर्षी बांधावरचा ढोलीवाला जुना निंब तोडला गेला. नीलपंख स्वतः ढोली कोरत नाही, आयती शोधतो. यंदा जोडी आलीय, पण अजून घर धुंडाळतेच आहे. तुमच्या होल्यांनी काड्या आणायला सुरुवात केली का?