नर्सिंगनंतर प्रशासनात जायचंय: एमएस्सी, एमएचए, एमबीए की एमपीएच?

रेवा_पुणे
बीएस्सी नर्सिंग, सध्या २०० खाटांच्या खासगी रुग्णालयात आयसीयू इनचार्ज. पुढे नर्सिंग सुपरिंटेंडेंट व्हायचंय किंवा ऑपरेशन्सकडे (रुग्णालयाच्या रोजच्या कारभाराकडे) वळायचंय. नोकरी सोडणं कठीण आहे. काय घ्यावं?

गोदाकाठ
ताई, या दोन वाटा वेगळ्या आहेत, आधी त्यातली एक ठरवा. सुपरिंटेंडेंट आणि पुढेमागे प्राचार्यपद हवं असेल तर एमएस्सी नर्सिंगच. दोन वर्षं, पूर्णवेळ, म्हणजे बिनपगारी रजेचं आधी बोलून ठेवा. घरबसल्या एमएस्सी नर्सिंग देतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवीच, पण तुम्ही घेणार तो विषयही त्या मान्यतेत आहे का ते बघा. तुमच्या अनुभवाला मेडिकल-सर्जिकल जुळतं. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे वाढीव पात्रतेची नोंद लगेच करा, नाहीतर बढतीच्या वेळी कागद अडतो.

सातमाळा
ऑपरेशन्स असेल तर एमएचए (हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमधली पदव्युत्तर पदवी) किंवा हॉस्पिटल मॅनेजमेंटमधलं एमबीए. मुंबईत टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एमएचए दोन वर्षांचा, पूर्णवेळ. पुण्यात सिम्बायोसिसचं एमबीए आहे, त्याला स्नॅप ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. टिसची एक्झिक्युटिव्ह पदविका नोकरी सांभाळून होते, पण ती पदविकाच; जाहिरातीत ‘पदव्युत्तर पदवी’ मागितली असेल तर चालेलच असं नाही. एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन फक्त एमबीबीएसवाल्यांसाठी.

ऑनलाइन एमबीए घेणार असाल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं आणि त्या अभ्यासक्रमाचं, दोन्हींची नावं यंदाच्या सत्रात आहेत का ते तपासा. गेल्या वर्षीची यादी दाखवून प्रवेश उरकणारे एजंट असतात. ‘एक्झिक्युटिव्ह’ नावाखाली नुसतं सर्टिफिकेटही खपवतात, म्हणून फी भरण्याआधी हातात काय पडणार ते लेखी घ्या.

रेवा_पुणे
ऑपरेशन्सचाच विचार पक्का होतोय. एमपीएच सोडून देऊ का?

गोदाकाठ
हो. एमपीएच सार्वजनिक आरोग्य, एनएचएम (राष्ट्रीय आरोग्य अभियान), स्वयंसेवी संस्था यांच्या कामाचं. रुग्णालयातली बिलिंग, खरेदी, मनुष्यबळ तिथे फारसं शिकायला मिळत नाही.

कॉलेजला विचाराच: मागच्या तुकडीतल्या अनुभवी मुलामुलींना कोणत्या पदावर घेतलं? सरासरी पॅकेज ऐकून काही कळत नाही, त्यात फ्रेशर्स मिसळलेले असतात.

सातमाळा
मुलाखतीची तयारी आत्ताच सुरू करा. तुमच्या रुग्णालयात ३० डिस्चार्जची वेळ नोंदवा: डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला, समरी तयार झाली, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, टीपीएची (विम्याचे दावे हाताळणारी कंपनी) मंजुरी आली, बिल भरलं, खाट रिकामी झाली. नावं, नोंदणी क्रमांक लिहू नका आणि आधी परवानगी घ्या. विमा आणि रोखीचे रुग्ण वेगळे ठेवा, एकत्र केले तर टीपीएचा उशीर बाकी सगळं झाकून टाकतो. बहुधा एखाद्याच टप्प्यावर गाडी अडते. तो टप्पा आणि त्यावरचा तुमचा उपाय आकड्यांनिशी मांडा. एनएबीएचच्या (रुग्णालयांना गुणवत्तेचं मानांकन देणारी संस्था) गुणवत्ता निर्देशकांतही डिस्चार्जची वेळ मोजतात, त्यामुळे हाच विषय पुढे प्रबंधालाही चालेल.