वक्तृत्वातलं पाठांतर सुटावं म्हणून पोवाडा आणि कीर्तन : मुलांकडून कसं करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात मी रविवारी आठवी-नववीच्या मुलांचा वक्तृत्वाचा वर्ग घेते. मुलं स्पर्धांत बक्षिसं आणतात, पण भाषण लिहिलेलं असतं कुणीतरी मोठ्यानं. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून शेवटच्या शेरापर्यंत एका दमात. मध्ये शब्द अडला की सगळंच अडतं, आणि परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला तर पोरं छताकडे बघतात.

म्हणून यंदा भाषणं बंद ठेवून भारूड, पोवाडा आणि नारदीय कीर्तन घ्यायचं ठरवलंय. भारुडाचं बरं चाललंय. एकनाथांचा जोशी किंवा वासुदेव अंगात आला की लाजाळू मुलीसुद्धा समोरच्यांना बिनधास्त हाका मारतात.

घोडं अडलंय पोवाड्यात. डफ, तुणतुणं, झीलकऱ्यांचं (शाहिरामागे सूर धरणाऱ्या साथीदारांचं) ‘जी जी रं जी’ झकास जमतं. पण गाणं थांबवून शाहीर लोकांशी बोलतो ते मधलं गद्य आलं, की मुलं यूट्यूबवरच्या शाहिराची हातवाऱ्यांसकट नक्कल करतात. म्हणजे पुन्हा पाठांतरच, फक्त फेटा बांधलेलं! लिहून द्यायचं नाही म्हणून प्रतापगडाच्या प्रसंगाचे नुसते मुद्दे दिले : जावळीचं खोरं, वकिलांच्या फेऱ्या, शामियाना, अंगरख्याखालचं चिलखत. तर ‘१० नोव्हेंबर १६५९ रोजी’ अशी सुरुवात करून पेपरातलं पाच मार्कांचं उत्तर ऐकायला मिळालं. हे गद्य मुलांच्या तोंडी त्यांच्याच भाषेत यावं यासाठी तुम्ही काय करून घेता?

दुसरं, मुलांचे आवाज फुटतायत. वरच्या पट्टीत ताणू देत नाही, पण पट्टी उतरवली की जोशच जातो. अशांना वर्षभर झीलकरी ठेवावं की फक्त गद्य द्यावं? घसा बिघडवून ठेवायचा नाहीये.

कीर्तनाला अजून हात घातलेला नाही. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, अभंगाचं एकच चरण घ्यायचं आणि निरूपणाला (त्याचा अर्थ उलगडायला) दृष्टांत मुलांनी आपल्या घरातला, शाळेतला शोधायचा, असा विचार आहे. मला तरी वक्तृत्वाची याहून चांगली तालीम दिसत नाही. पण उत्तररंगातलं, म्हणजे दुसऱ्या भागातलं, आख्यान म्हणजे सरळ गोष्ट, तेव्हा मुलांसाठी उत्तररंग आधी घ्यावा का? आमच्याकडच्या एका आजोबांचं म्हणणं, नारदाची गादी (कीर्तनकाराची जागा) सरावासाठी नसते. त्यांना दुखवायचं नाही. कीर्तनाच्या घरातली मंडळी इथे असतील तर स्पष्ट सांगा : दहा मिनिटांच्या अशा प्रयोगाला कीर्तन म्हणावं की दुसरं काही नाव द्यावं?

गणेशोत्सवात मंडळाने अर्धा तास दिलाय. पेटीवाले काका आहेत, तबला नाही. शिक्षक नेमायला पैसेही नाहीत, तेव्हा कृपया ऑनलाइन क्लासच्या लिंका देऊ नका, स्वतः मुलांकडून करून घेतलेलं काही असेल तर तेच लिहा.