सांबारवडीच्या ऑर्डरसाठी मेसेज छोटा कसा करू?

मानेवाड्याची_सुगरण:
नमस्कार मंडळी, मी घरून सांबारवडी अन् पाटोडी करून देते, हिवाळ्यात सांबार (कोथिंबीर) स्वस्त झाला की ऑर्डर बऱ्या येतात. यंदा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला मेसेज लिहून राहिली पण तो लांबतच चाललाय. सुरुवात अशी आहे: "आम्ही घेऊन येत आहोत खास आपल्यासाठी पारंपरिक, चविष्ट, दर्जेदार घरगुती पदार्थ, उत्तम क्वालिटी, वाजवी दर, एकदा सेवेची संधी अवश्य द्या." पुढे अजून बरंच आहे. घरचे म्हणतात कोणी वाचणार नाही. काय कापू?

बर्डीचा_प्रिंटवाला:
ताई, मी पॅम्प्लेट छापतो, माझ्याकडे असाच मजकूर येत राहतो. प्रत्येक शब्दापाशी थांबून पाहा, हेच बाजूचा दुकानदारही लिहील का? दर्जेदार, वाजवी, सेवेची संधी हे तर सगळेच लिहितात, मग वाचणाऱ्याला त्यातून काय कळलं? ते सगळं उडवा. अन् मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही दिलेल्या ओळींत सांबारवडी हा शब्दच नाही! पहिला शब्द तोच पाह्यजे. मग भाव, एरिया, कधी मिळेल, बस.

खवय्या_धरमपेठ:
प्रिंटवाले भाऊ, पटलं, पण नुसता भाव अन् टायमिंग टाकलं तर कोरडं वाटते. एक तरी ओळ अशी ठेवा की तोंडाला पाणी सुटलं पाहिजे, म्हणजे आत सांबारासोबत खोबरं-खसखस आहे, सोबत कढी आहे, असं. मला गिऱ्हाईक म्हणून हेही कळलं पाहिजे की तळलेली मिळेल की घरी नेऊन तळायची, नाहीतर फोन करून विचारा, कोण करते तेवढं.

डिजिटल_विदर्भ:
एसेमेस पण पाठवणार असाल तर इंग्रजीत एका एसेमेसमध्ये 160 अक्षरं बसतात, मराठीत फक्त 70, अन् काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतात, म्हणजे नुसता "सांबारवडी" हा शब्दच 9 जागा खातो. म्हणून आधी 70 मध्ये बसवून पाहा, काय महत्त्वाचं आहे ते आपोआप कळते. एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) 14 आकडी नंबर पाकिटावर छापा, मेसेजमध्ये कोंबू नका.

मानेवाड्याची_सुगरण:
खूप मदत झाली सगळ्यांची! आता असं केलं: "सांबारवडी, गरम तळलेली. आत खोबरं-खसखस, सोबत कढी. 4 नग 80 रुपये. शनिवार-रविवार संध्याकाळी 5 ते 8, मानेवाडा. ऑर्डर दुपारी 2 पर्यंत याच नंबरवर." पाटोडीचा वेगळा मेसेज टाकीन.

बर्डीचा_प्रिंटवाला:
मस्त जमलं ताई, पण "याच नंबरवर" काढा अन् पूर्ण नंबर लिहा. कोणी दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केलं की तुमचा नंबर तिथं दिसतच नाही, मग ऑर्डर द्यायची तर कोणाला द्यायची?