मागच्या अंगणातलं लिंबू आणि संत्रं, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: नवीन घराच्या मागे दोन झाडं आहेत, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला दिसत नाही, आत नुसत्या वाळक्या काड्या, पानं पिवळी आणि बुंध्यातून सरळसोट काटेरी फांद्या वर गेल्यात. सगळं छाटून टाकू का? मला बागकामातलं ओ की ठो कळत नाही.

उत्तर १: एकदम नको!! आधी फक्त वाळकं काढा, नखाने साल खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर फांदी जिवंत. हिरवी छाटणी थोडी थोडीच करा, सावलीतल्या सालीवर अचानक ऊन पडलं की ती भाजते. कलमाच्या जोडाखालून आलेल्या फांद्या मात्र बुडापासून काढा, त्या खुंटाच्या असतात, म्हणजे ज्या झाडाच्या मुळांवर तुमचं कलम बांधलंय त्याच्या.

उत्तर २: पिवळी पानं नवी की जुनी? जुनी असतील तर बहुतेक नत्र (नायट्रोजन) कमी, नवी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह किंवा जस्त. पाणी बुंध्याला नको, फांद्यांच्या घेराखाली द्या, नाहीतर डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) होतो.

प्रश्नकर्ता: जोड ओळखायचा कसा?

उत्तर १: जमिनीपासून वीतभर वर फुगवटा नाहीतर सालीत फरक दिसेल. काहीच नसेल तर झाड बियांचं असू शकतं, मग ते काटे त्याचेच, राहू द्या.