आधी धुऱ्यावर, मग पुस्तकात
शब्दार्थ आधी लिहून दिले की निसर्गकविता आपोआप कळते, असं एक मत वाचलं; मला ते पटलं नाही. आमच्या यवतमाळकडच्या शाळेत बालकवींची ‘श्रावणमासी’ शिकवताना मी पुस्तक मिटवलं आणि पोरांना मागच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेलं. एक सर आली, पऱ्हाटी (कपाशी) भिजली, लगेच ऊन. एक पोरगी ओरडली, "सर, आमच्या वावरात पाणी आलं, काकाच्या वावरात नाही!" मग कवितेतल्या ‘शिरवे’चा, म्हणजे पावसाच्या सरीचा, अर्थ फळ्यावर लिहावाच लागला नाही. (वर्गभर चिखल झाला म्हणून बोलणी खाल्ली, ते वेगळं.) अडतो तो कवितेतला पारिजातक, आमच्या गावात झाडच नाही. तिथे मी मोहफुलांचा सडा आठवायला सांगतो. उन्हाळ्यात पहाटे टोपली घेऊन वेचायला सगळी जातातच.