मदत हवी आहे: न्यू जर्सीत टीचरची सुपरवायझर / प्रिन्सिपल व्हायचंय, आधी १२ क्रेडिट्स की एकदम सगळं?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीतल्या एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते. भारतात एम.एस्सी. आणि बी.एड. झालं होतं, इथे आल्यावर डिग्र्यांचं इव्हॅल्युएशन करून घेतलं, प्रॅक्सिस ही शिक्षकांची परीक्षा दिली, मग सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, प्रोव्हिजनल, मेंटरिंग असं करत करत स्टँडर्ड सर्टिफिकेट मिळालं, आता टेन्युअरही आहे, म्हणजे नोकरी पक्की. पुढे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये जायचंय आणि तिथे गाडं अडलंय.

का जायचंय ते आधी सांगते, कारण घरीदारी सगळे "वर्गात छान चाललंय की, कशाला नसती उठाठेव" असंच म्हणतात. आमच्याकडे वर्षाच्या मधेच भारतातून बरीच मुलं येतात. नाशिकहून सहावीत एक मुलगा आला, ऐन जानेवारीत. प्लेसमेंट टेस्टमध्ये निम्मी शाब्दिक उदाहरणं, त्यात डाइम आणि निकेल, त्याला ती नाणी म्हणजे काय हेच माहीत नाही, मार्क कमी पडले आणि पोराला खालच्या ग्रुपला बसवलं. वर्गात मी त्याला नुसते अपूर्णांक फळ्यावर लिहून दिले तर छेद समान करायची पायरीसुद्धा न लिहिता तोंडी उत्तर देत होता! मी शिफारस लिहिली, त्याच्या आईशी मराठीत बोलून सगळं समजावलं, पण निर्णय शिक्षक आणि अभ्यासक्रमावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरचा आणि त्यांच्यापुढे फक्त तो स्कोअर. ग्रुप बदलेपर्यंत एप्रिल उजाडला. अशी मुलं दर वर्षी येतात हो, आणि हा निर्णय जिथे होतो तिथे आपण असायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

आतापर्यंत जे कळलंय ते असं. सुपरवायझरसाठी मास्टर्स, तीन वर्षं शिकवल्याचा अनुभव आणि १२ ग्रॅज्युएट क्रेडिट्स, त्यात स्टाफ सुपरव्हिजनचा एक आणि करिक्युलम डिझाइनचा एक कोर्स हवाच, परीक्षा नाही. प्रिन्सिपलसाठी, आणि व्हाइस प्रिन्सिपललाही तेच सर्टिफिकेट लागतं, पाच वर्षांचा अनुभव, एज्युकेशनल लीडरशिपमधलं मास्टर्स, ३०० तासांची इंटर्नशिप आणि एसएलएलए ही शाळाप्रमुखांची लायसन्स परीक्षा. त्यानंतरही नोकरी लागल्यावर दोन वर्षं मेंटरिंग.

आता माझा घोळ. माझं एम.एस्सी. गणितातलं आहे, तर प्रिन्सिपलसाठी दुसरं मास्टर्स करावंच लागेल का? रटगर्स, मॉन्टक्लेअर, रोवन, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) सगळ्या कॉलेजांच्या साइट बघून झाल्या, डोकं भणाणलंय. दिवसभर शिकवून ३०० तास कुठून काढायचे, घरी दोन मुलं आहेत, हे कोणी प्रत्यक्ष केलंय का? आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे उद्या टेक्सासला जावं लागलं तर हे सगळं तिथे चालेल का?

तिसरी_घंटा
ताई, सेंट्रल जर्सीतच सुपरवायझर आहे, म्हणून लिहितो. दुसरं मास्टर्स लागत नाही! ज्यांचं मास्टर्स वेगळ्या विषयातलं आहे त्यांच्यासाठी पोस्ट मास्टर्स सर्टिफिकेटचा रस्ता आहे, किमान ३० क्रेडिट्सचा, एज्युकेशनल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अँड सुपरव्हिजनमधला. शिवाय प्रिन्सिपल संघटनेच्या फाउंडेशनचा एनजे एक्सेल म्हणून प्रोग्रॅम आहे, तो खास आधीच मास्टर्स असलेल्यांसाठीच आहे, तोही बघा. मी म्हणेन आधी सुपरवायझरचे १२ करा, कारण तुम्हाला जो प्लेसमेंटचा निर्णय हातात हवाय तो याच खुर्चीत होतो. फक्त फी भरायच्या आधी युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या की हे १२ पुढच्या ३० मध्ये धरणार का.

आणि एक महत्त्वाचं, स्कूल डिस्ट्रिक्टकडून फीचे पैसे परत हवे असतील तर कोर्सला नाव घालायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची, म्हणजे सुपरिंटेंडंटची मंजुरी लागते, हा राज्याचा कायदाच आहे. आमच्याकडे एकीने आधी कोर्स केला मग अर्ज दिला, एक डॉलर मिळाला नाही.

रानवारा
मी ३०० तास नोकरी करून पूर्ण केले, होतं. सकाळची बस ड्यूटी, लंच ड्यूटी याने भागत नाही, मेंटर प्रिन्सिपलकडे खरं काम मागायचं. मी स्प्रिंगच्या स्टेट टेस्टचं वेळापत्रक लावलं, कोणत्या मुलाला जादा वेळ, कोणाला वेगळी खोली, कोणाला गणिताचा पेपर स्पॅनिशमध्ये, हे सगळं एका शीटवर बसवताना शाळा कशी चालते ते कळलं. समर स्कूलमध्ये तर भराभर तास जमतात. लॉग रोजच्या रोज लिहा, तारीख, वेळ, काय केलं आणि कुठल्या स्टँडर्डखाली, पीएसईएल म्हणजे शाळाप्रमुखांच्या कामाचे निकष, त्याची दहा स्टँडर्ड्स आहेत, महिन्याने आठवून लिहायला बसलं की काही आठवत नाही.

एसएलएलएमध्ये १२० ऑब्जेक्टिव्ह आणि चार लेखी उत्तरं, एकूण चार तास. लेखीत शाळेचा डेटा, पत्रं वगैरे कागद देतात आणि तुम्ही काय कराल ते विचारतात. आपण लोक तिथे पाल्हाळ लावतो, तसं नको, कागदातला पुरावा दाखवून थेट कृती लिहायची.

ऑस्टिनकर
टेक्सासमध्ये नियम वेगळे. अनुभव दोन वर्षांचाच लागतो, मास्टर्स हवं, पण परीक्षा त्यांच्या स्वतःच्या, २६८ नंबरची एक आणि पीएएसएल, ज्यात तीन टास्क करून कामाचे पुरावे पाठवायचे. त्यामुळे शिफ्ट व्हायची शक्यता खरंच असेल तर न्यू जर्सीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट मिळेपर्यंत थांबा, अर्धवट प्रोग्रॅम घेऊन आलात तर क्रेडिट ट्रान्सफरची कटकट होते. टेन्युअर मात्र तिथेच सोडून यावं लागेल.

धागाकर्ती
तिसरी_घंटा, तुमचे किती आभार मानू, दुसरं मास्टर्स नको हे वाचूनच जीवात जीव आला. सोमवारी सुपरिंटेंडंट ऑफिसला मंजुरीचा फॉर्म मागते, फॉलला सुपरव्हिजनचा कोर्स धरते. रानवारा, समर स्कूलचं काम मागताना तुम्ही प्रिन्सिपलना आधी ईमेल केलं होतं की जाऊन बोललात? आमचे प्रिन्सिपल नवीन आहेत, कसं विचारावं ते कळत नाहीये.

रानवारा
जाऊन बोला, आणि जाताना एक कागद न्या, त्यावर तुम्ही कोणती दोन कामं स्वतः अंगावर घेऊ शकता ते लिहा. तुमच्या बाबतीत एक तर ठरलेलंच आहे, मधेच आलेल्या मुलांची गणिताची प्लेसमेंट, टेस्टसोबत नुसत्या आकड्यांची एक शीट सोडवून घ्यायची. नवीन प्रिन्सिपलला असं तयार काम कोणी आणून दिलं तर ते नाही म्हणत नाहीत.