पुरस्कार मिळवणारं चित्रपटगीत: प्रसंग मोठा की चाल?

बिनसुरी (धागाकर्ता)
माझी कसोटी सोपी आहे. गाणं कापून टाका आणि पुढचा प्रसंग बघा. काही अडलं नाही, तर ते गाणं नुसतं चिकटवलेलं होतं. 'आरआरआर'मधलं 'नाटू नाटू' घ्या. मेजवानीत अपमान होतो, त्याला उत्तर म्हणून नाच सुरू होतो, शेवटी कोण टिकतं याची चुरस लागते. भीमला आवडणारी मुलगी बघतेय हे त्याचा मित्र राम हेरतो आणि भीम जिंकावा म्हणून मुद्दाम पडतो. पुढे दोघांत जे फाटतं ते इतकं झोंबतं, ते या पडण्यामुळे. २०२३चं ऑस्कर नुसत्या ठेक्याला मिळालेलं नाही.

खर्ज_पंचम
साफ असहमत. ऑस्करची बाहुली संगीतकार कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांना मिळाली, म्हणजे चालीला आणि शब्दांना. पडण्याला नाही! तुमच्या कसोटीवर 'स्लमडॉग मिलियनेअर'मधलं 'जय हो' बादच होईल. ते गोष्ट संपल्यावर, श्रेयनामावलीत येतं. तरी २००९मध्ये जिंकलं. ऑस्करच्या नियमालाही ते चालतं: गाणं चित्रपटाच्या ओघात हवं किंवा श्रेयनामावलीतलं पहिलं संगीत हवं, आणि शब्द-चाल नीट ऐकू यायला हवी.

बिनसुरी
नियम अर्धाच सांगितलात. गाणं त्या चित्रपटासाठीच रचलेलं लागतं. 'द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस' आधीच लोकांना ठाऊक होतं, मग १९४१च्या 'लेडी बी गुड' या चित्रपटात घातलं आणि जिंकलं. खुद्द संगीतकार जेरोम कर्न यांनाच ते पटलं नाही, त्यानंतर ही अट आली.

मात्रामोजणी
प्रसंग, चाल, नियम सगळं झालं, अक्षरांकडे कोणी बघणार का? चाल आधी आणि शब्द नंतर असले की डमी बोलांवर (चालीत तात्पुरते भरलेले निरर्थक शब्द) मात्रा मोजून ओळ बसवतात. मात्रा जुळतात, गाणं मात्र पडतं. 'मन'मधल्या 'न'वर चार मात्रा थांबायला लावलंत तर गायक 'मना' म्हणणार, झालं संबोधन! वरच्या सुरांवर 'आ' मोकळा लागतो, 'ई'-'ऊ' आवळतात. लांबवायच्या सुरावर 'क्', 'ट्'ने संपणारा शब्द ठेवला की सूर तिथेच तुटतो. समेवर (तालाच्या पहिल्या, ठळक मात्रेवर) 'आणि' आला तर ओळ वाया.
आता 'नाटु' बघा (तेलुगूत 'टु' ऱ्हस्वच आहे). 'ना' दीर्घ, उघडा. 'टु' आखूड, टणक. शब्दच थाप देतो. अर्थ गावरान, रांगडा. तेलुगू न कळणाराही दुसऱ्या फेरीला सोबत ओरडतो ते यामुळे.

खर्ज_पंचम
हे मान्य. पण गळा? 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'मधल्या 'मून रिव्हर'ची (१९६१) चाल हेन्री मॅन्सिनींनी नायिका ऑड्री हेपबर्नच्या बेताच्या आवाजासाठी एक सप्तक आणि वर एक सूर, एवढ्यातच बसवली. म्हणून ती कुणालाही गुणगुणता येते. बक्षिसाच्या नादात अंतरा दोन सप्तकं ताणणाऱ्यांनी हे बघावं.

बिनसुरी
अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! हेपबर्नचं पात्र खिडकीत बसून गिटारवर स्वतःशी गातं. तिथे कसलेल्या पार्श्वगायिकेचा आवाज लावला असता तर प्रसंगच मोडला असता.

मात्रामोजणी
चला, म्हणजे एकाच गाण्यावर दोघंही जिंकलात. पण अंतऱ्यावरून मुखड्याकडे परतायची जी ओळ, क्रॉसलाइन, तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. ती मुखड्याच्या पहिल्या शब्दाशी अर्थाने जोडलेली नसेल आणि तिचा शेवटचा सूर मुखडा जिथून उचलतो त्या सुराजवळ येत नसेल, तर मुखडा दरवेळी नव्याने ढकलून सुरू करावा लागतो. बहुतेक गाणी तिथेच गळपटतात, पहिल्या अंतऱ्यानंतर.